घडीचा चाकू: दाम किती आणि 'ऑन' किती

एकट्याने काम करणाऱ्या कारागिराने वर्षाला शंभर घडीचे चाकू हातावेगळे केले, तर खूप झालं. टायटॅनियमचा साधा लायनर लॉक (उघडलेलं पातं मुठीच्या आतल्या पट्टीने अडवणारा चाकू) त्याचे दोन-तीन दिवस सहज खातो; पातं दमास्कसचं (थरांची नक्षी असलेल्या पोलादाचं) आणि मुठीत शिंपल्याचं जडकाम असेल तर आठवडे जातात. गिऱ्हाईक मात्र जगभर पसरलेलं. अशा ठिकाणी 'ऑन', म्हणजे मूळ भावावरचे जादा पैसे, सुरू होतो. चेतक स्कूटरचा नंबर लागला की लोक ते बुकिंग वरचे पैसे घेऊन विकायचे, तोच धंदा अमेरिकेतल्या हस्तनिर्मित चाकूंच्या बाजारात राजरोस चालतो. कारागिराने सातशे डॉलरला दिलेला चाकू आठवड्याभरात अकराशेला विक्रीला लागतो. वरच्या चारशेतला एक पैसाही कारागिराला मिळत नाही आणि चाकूही त्या चारशेने काही सुधारत नाही.

तेव्हा चाकूची किंमत तीन तुकड्यांत पाहावी. माल आणि मेहनत, नाव, आणि ऑन. पहिल्या दोहोंचे पैसे खुशाल द्यावेत. तिसऱ्याचे शक्यतो देऊ नयेत, आणि द्यायचेच असतील तर किती देतोय ते आकड्यात माहीत असावं.

मेहनतीची किंमत ठरवायला एक मापदंड हवा. माझ्या मते तो सेबेन्झा, क्रिस रीव्ह यांच्या कंपनीचा घडीचा चाकू. रीव्ह मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, नंतर अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात बॉयसी शहरात आले. मुठीचाच एक भाग चिरून त्याचा लॉक करायची त्यांची १९८७ सालची कल्पना आज फ्रेम लॉक म्हणून जगभर वापरली जाते. सेबेन्झा यंत्रावर कापली जाते, जुळणी आणि फिनिश माणसं करतात, आणि साधी मोठी सेबेन्झा पाचशे डॉलरच्या आसपास पडते. पातं बरोबर मध्ये बसतं, लॉकमध्ये कणभर हालचाल नसते, सुटे भाग आणि दुरुस्ती मिळते. आता कुणी नऊशे डॉलरचा 'कस्टम', म्हणजे कारागिराने हाताने केलेला चाकू, दाखवला तर पहिला प्रश्न हाच विचारायचा की यात सेबेन्झापेक्षा चारशे डॉलरचं जास्त काय आहे? हाताने काढलेला ग्राइंड (पात्याचा उतार), दुसरा नसलेला आकार, दुर्मिळ मूठ, हे उत्तर असू शकतं. 'मिळत नाही हो कुठे' हे उत्तर म्हणजे ऑन.

'हस्तनिर्मित' हा शब्द फार सैल वापरला जातो, म्हणून कारागिरालाच सरळ विचारावं: भाग वॉटरजेटवर (पाण्याच्या जोरदार झोताने) कापून आणता का, ग्राइंड हाताने की सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर), पात्याला पाणी कोण देतं, म्हणजे तापवून कडक कोण करतं? भाग बाहेरून कापून आणणं किंवा पेनसिल्व्हेनियातल्या पीटर्स या कारखान्यासारख्या ठिकाणी पात्यांना पाणी देऊन घेणं यात कमीपणा काहीच नाही. उलट घरच्या भट्टीपेक्षा तिथलं काम पुष्कळदा एकसारखं असतं. फक्त मग तो 'मिडटेक', म्हणजे अर्धा यंत्राचा अर्धा हाताचा, झाला, आणि मिडटेकला पूर्ण हातकामाचा भाव द्यायचा नाही. उत्तर द्यायला कुरकुर करणारा कारागीर सोडून द्यावा. चांगले लोक यावर तासभर बोलतात.

पोलादाच्या नावावर तर अजिबात भाळू नये. २०२१ मध्ये धातुशास्त्रज्ञ लॅरिन थॉमस यांचं मॅग्नाकट हे पोलाद आलं आणि त्या नावावर भाव चढले. पोलाद उत्तम आहे, प्रश्नच नाही. पण घडीच्या एका पात्याला लागणाऱ्या पट्टीत मॅग्नाकट, एस३५व्हीएन आणि सीपीएम-१५४ या पोलादांच्या किमतीतला फरक थोड्या डॉलरांचा असतो. घासायला वाळूकागदाचे पट्टे जास्त लागतात, वेळ थोडा जास्त जातो, ते धरून पन्नास-साठ डॉलर वर द्यायला हरकत नाही. दोनशे नाही. विचारायचंच असेल तर कडकपणा रॉकवेल या मापात किती ठेवला आणि तो मोजला की अंदाजाने सांगता, हे विचारा.

नवा चाकू सगळ्यात स्वस्त थेट कारागिराकडून मिळतो आणि सगळ्यात जास्त वाटही तिथेच पाहावी लागते. मोठ्या नावांची 'बुक्स' बहुधा बंद असतात. म्हणजे नवीन ऑर्डर घेतच नाहीत. ज्यांची उघडी असतात त्यांच्याकडे आगाऊ रक्कम किती, हा कळीचा मुद्दा. जुनेजाणते कारागीर काम सुरू होईपर्यंत एक डॉलरही मागत नाहीत, कारण दोन वर्षांनी गिऱ्हाईक फिरलं तरी चाकू दुसऱ्याला विकला जातोच. हस्तिदंताचा पर्याय म्हणून जुना मायकार्टा (कापड किंवा कागद राळेत दाबून केलेला माल) किंवा खास दमास्कस मागवायचा असेल तर मालापुरती उचल रास्त आहे. पण पूर्ण पैसे आधी घेऊन 'सहा महिन्यांत देतो' म्हणणाऱ्याचं गणित साफ असतं: आज तुमच्या पैशातून तो मागच्या वर्षीच्या गिऱ्हाइकाचा चाकू करतोय. आजारपण आलं, घटस्फोट झाला, दुकान बंद पडलं, की साखळीतला शेवटचा माणूस बुडतो. ही गोष्ट या बाजारात नवी नाही.

दुसरी वाट प्रदर्शनाची. अटलांटात जूनमध्ये शुक्रवार ते रविवार भरणारा ब्लेड शो हा सगळ्यात मोठा. गर्दीच्या टेबलांवर तिथे लॉटरी असते. चिठ्ठीवर नाव लिहून डब्यात टाकायचं, ठरलेल्या वेळी समोर हजर राहायचं, नाव निघालं तर कारागिराच्या छापील भावात चाकू घ्यायचा. हजर नसाल तर दुसरी चिठ्ठी. यात ऑन शून्य. काही टेबलांवर मात्र 'बिड-अप' असतं: छापील भाव म्हणजे बोलीची सुरुवात, जास्त बोली लावेल त्याला चाकू. इथे ऑन खुद्द कारागीरच घेतो. ते मला दलालाने घेण्यापेक्षा बरं वाटतं, पण स्वस्तात काही मिळेल ही आशा ठेवू नये. न्यू जर्सी, अटलांटा, डॅलस इथल्या मराठी मंडळींना हे प्रदर्शन सहज जमण्यासारखं आहे. लॉटरीच्या टेबलांभोवती पूर्ण शुक्रवार घालवण्यापेक्षा मागच्या रांगांतल्या तरुण कारागिरांचे चाकू हातात घेऊन पाहावेत. पाच वर्षांनी ज्यांच्या टेबलावर लॉटरी ठेवावी लागणार आहे ते आज तिथेच चारशे डॉलरला बसलेले असतात.

नाव ओळखताना शिक्क्यांचा अर्थही नीट घ्यावा. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीची जर्नीमन परीक्षा कडक असते: एक इंच जाडीचा लोंबता दोर एका वारात तोडायचा, दोन-बाय-चार इंची लाकूड दोनदा तोडायचं, तरीही पात्याने हातावरचे केस निघाले पाहिजेत, आणि शेवटी तेच पातं शिकंज्यात (व्हाइसमध्ये) धरून नव्वद अंशांत वाकवायचं, तुटता कामा नये. पण ही परीक्षा सरळ, न मिटणाऱ्या सुरीची असते. पोलाद आणि पाणी यांची ती खात्री देते. लॉकची, पिव्होटची (पातं ज्यावर फिरतं त्या खिळ्याची), घडीच्या जुळणीची नाही. त्या शिक्क्याचा जादा भाव घडीच्या चाकूवर लावला असेल तर लॉक वेगळा तपासलाच पाहिजे.

राहिला दुय्यम बाजार, म्हणजे एकदा विकलेले चाकू पुन्हा विकले जातात तो. बहुतेक भारतीय खरेदी इथूनच होते. भाव काढताना लोक काय मागतात ते बघायचं नाही, चाकू कितीला गेला ते बघायचं. ईबेवर विकलेल्या वस्तूंचा फिल्टर लावा. तिथे एखाद्या किमतीवर काट मारलेली दिसली तर समजा की खालच्या ऑफरवर सौदा झालाय; तो आकडा सरासरीत धरू नका. सहा महिन्यांतले पाच-सात सौदे मिळाले की चित्र स्पष्ट होतं. माझा ढोबळ हिशेब असा: कारागीर अजून काम करतोय आणि ऑर्डर घेतोय, तर वापरलेला चाकू त्याच्या आजच्या भावापेक्षा दहा ते पंचवीस टक्के खाली. बुक्स बंद आहेत, तर आजच्या भावाइतका, फार तर एक-तृतीयांश वर. त्यापुढे गेला की तुम्ही चाकू घेत नाही, सट्टा खेळता.

आणि हा सट्टा उतरतोही. अमेरिकी कारागीर रिक हिंडरर यांचा एक्सएम-१८ हा चाकू बघा. साधारण २०१० च्या आसपास त्याचा मूळ भाव चारशे डॉलरच्या घरात होता आणि बाजारात दुप्पट-अडीचपट पैसे मोजले जात होते. मग उत्पादन वाढलं, विक्रेत्यांकडे माल नियमित यायला लागला आणि ऑन विरघळला. चाकू तोच, पण हजार देऊन घेतलेल्यांना पाचशेलाही गिऱ्हाईक मिळेना. ज्या चाकूचा कर्ता तरुण आहे, यंत्रं घेतोय, माणसं ठेवतोय, त्यावर ऑन कधीच देऊ नये.

चाकू हातात आल्यावर, किंवा फोटोत

लायनर लॉक आजच्या रूपात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मायकल वॉकर यांनी रूढ केला. फ्रेम लॉकचं तत्त्वही तेच: टायटॅनियमची एक पट्टी स्प्रिंगसारखी आत सरकते आणि पात्याच्या शेपटाला (मुठीतल्या टोकाला) टेकते. शेपटाचा तो उतार साधारण सात-आठ अंशांचा असतो. कोन कमी पडला तर लॉक पाचरीसारखा अडकतो. जास्त झाला तर दाब येताच सटकतो. सगळ्या भानगडी या एवढ्याशा जागेत असतात, म्हणून या जागेचा जवळून काढलेला फोटो आल्याशिवाय पैशाची भाषा करू नये.

पातं उघडल्यावर लॉक शेपटाच्या रुंदीच्या किती आत गेलाय ते पाहा. तीस ते पन्नास टक्के उत्तम. नवीनच्या नवीन चाकूत सत्तर असेल तर घसरायला जागाच उरली नाही. टायटॅनियम मऊ, पात्याचं पोलाद कडक, झीज होणारच. पलीकडच्या पट्टीला टेकलेला लॉक म्हणजे जाड स्टॉप पिन (उघडताना पातं जिला अडतं ती) घालून दुरुस्ती, आणि कारागीर हयात किंवा कामात नसेल तर तीही नाही. लॉकच्या तोंडाशी पोलादाची वेगळी चकती बसवलेली असेल तर ही काळजी बरीच कमी होते.

मग अडकणं. लॉक सोडताना अंगठ्याला चिकटल्यासारखं वाटतं, 'टक' असा आवाज येतो. यावर तात्पुरता इलाज म्हणजे लॉकच्या तोंडाला पेन्सिलचं शिसं किंवा मार्कर पेन फासणं. विकणारेही हे जाणतात. लॉकच्या तोंडावर काळा-निळा डाग दिसला तर तो पुसून पुन्हा दहा-बारा वेळा उघडझाप केलेला व्हिडिओ मागा, आवाजासकट.

पातं मिटल्यावर दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या हव्यात. किंचित एका बाजूला असेल तर पिव्होटचा स्क्रू पाव फेरा फिरवून कधीकधी जमतं. पण स्क्रू योग्य तेवढा आवळल्यावर पातं कलत असेल आणि ढिला केल्यावरच मध्ये येत असेल, तर भोक तिरपं पडलंय. ते सुधारत नाही. पातं उघडं धरून टोकाशी डावी-उजवीकडे हलवा, मग वर-खाली. आडवी हालचाल बहुधा स्क्रूने जाते. उभी हालचाल लॉकची असते आणि ती मान्य करायची नाही. पाठीवर हाताने दाब देऊन पाहायचं, बोटं धारेच्या वाटेतून बाहेर ठेवून. टेबलावर पाठ आपटून 'टेस्ट' करणाऱ्यांनी चांगले लॉक मोडून ठेवलेत. मिटलेला चाकू टोक खाली करून झटकला तर पातं बाहेर येता कामा नये, त्याला धरून ठेवणारी बारीक गोळी लॉकमध्ये असते. ती कमजोर असेल तर चाकू खिशात उघडतो.

लॉक नसलेल्या, पाठीच्या स्प्रिंगवर चालणाऱ्या जुन्या धाटणीच्या चाकूंत कसब वेगळं आणि, माझ्या मते, जास्त अवघड. स्प्रिंगची पाठ उघड्या, अर्ध्या आणि मिटलेल्या अशा तिन्ही स्थितींत मुठीच्या पट्ट्यांशी सपाट हवी. नख आडवं फिरवून पाहा. कुठेही अडकायला नको. उजेडासमोर धरून स्प्रिंग आणि पट्टी यांच्यात फट दिसते का बघा. पातं मिटताना धार आत स्प्रिंगवर आपटत असेल तर धारेच्या मध्यावर एक सूक्ष्म खाच पडलेली दिसते. धार लावून ती घालवता येते, पण पातं मिटलं की परत पडते. असा चाकू विकणारा 'हळू मिटवा' असं सांगतो. हळू मिटवायला लागणारा चाकू सहाशे डॉलरचा नसतो.

धार लावलेली असेल तर पात्याची उंची कमी झालीय का हे कारागिराच्या जुन्या फोटोशी ताडून बघा. दोन्ही बाजूंचा ग्राइंड जिथे सुरू होतो त्या रेषा समोरासमोर आल्या पाहिजेत. धारेच्या जरा मागे जाडी अर्धा मिलिमीटर असेल तर चाकू सफरचंद कापतो. एक मिलिमीटर असेल तर फोडतो. भरपूर 'टॅक्टिकल' (लष्करी ढंगाचे) चाकू दुसऱ्या प्रकारचे असतात आणि त्यांचे मालक त्यांनी कधी सफरचंद कापत नाहीत, म्हणून कळत नाही.

नकला चीनमधून सर्रास येतात, विशेषतः सेबेन्झा आणि हिंडररच्या. विकणाऱ्याचं नाव आणि आजची तारीख हाताने कागदावर लिहून तो कागद चाकूशेजारी ठेवलेला फोटो मागणं हा उद्धटपणा नाही, रीत आहे. पैसे पेपॅलने द्यायचे असतील तर मालखरेदीच्या प्रकारातच द्या. 'फ्रेंड्स अँड फॅमिली'ने पाठवा म्हणजे तीन-चार टक्के वाचतील, असं सांगितलं जातं. ते टक्के म्हणजेच तुमचा विमा. फी आपण भरू म्हणावं आणि विषय संपवावा.

मूठ कशाची आहे, हे भारतात आधी बघा

इथे एक गोष्ट आपल्याकडची येते. इंग्लंडमधल्या शेफील्ड आणि जर्मनीतल्या झोलिंगेनच्या जुन्या आणि अमेरिकन चाकूंवरचं प्रसिद्ध 'इंडियन स्टॅग' म्हणजे आपल्या जंगलांतलं सांबरशिंग. ते मध्यापर्यंत भरीव असतं, खवल्यांची खरखर सुंदर, म्हणून जगाने तेच उचललं. भारताने १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्याची निर्यात बंद केली आणि जुन्या साठ्याचे भाव चढत गेले. अमेरिकेत असा चाकू कायदेशीर विकला जातो. पण तो इथे मागवणं म्हणजे वन्यजीव संरक्षण कायद्याशी गाठ; हस्तिदंताचं तर बोलायलाच नको. पार्सल जप्त होणं हा त्यातला सौम्य प्रकार. भारतात आणायचा असेल तर मूठ मायकार्टा, टायटॅनियम, कार्बन फायबर किंवा राळ मुरवून स्थिर केलेल्या लाकडाची घ्यावी आणि इनव्हॉइसवर तसं लिहून घ्यावं.

पात्याच्या मापाचा नियमही लोक अर्धवट सांगतात. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची, घरगुती-शेती-औद्योगिक कामासाठी नसलेली हत्यारं येतात. आपण बोलतोय ते चाकू तीन-साडेतीन इंचांचे, त्यामुळे तिथे अडत नाही. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शहराशहरांत मनाई आदेश वारंवार निघतात आणि त्यांत सुऱ्या-चाकू बाळगण्याचाही समावेश असतो. घरात, संग्रहात ठेवणं वेगळं, लोकलमध्ये खिशाला क्लिप लावून फिरणं वेगळं. बटण दाबून उघडणारा खटक्याचा चाकू कितीही देखणा असला तरी मागवू नये. पोलिसाला त्यात रामपुरीच दिसणार. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी लॉक नसलेला, तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा चाकूच घ्यावा, तो तिथे विनाकारणही बाळगता येतो. लॉक आला की समाधानकारक कारण द्यावं लागतं.

सीमाशुल्कात (कस्टम्समध्ये) घडीचे चाकू ८२११९३ या शीर्षकाखाली येतात. इनव्हॉइसवर 'फोल्डिंग पॉकेट नाइफ', पात्याची लांबी मिलिमीटरमध्ये, साहित्य आणि खरी किंमत लिहायला सांगा. 'टॅक्टिकल' हा शब्द पार्सलवर नको, त्यानेच ते बाजूला काढलं जातं. काही विक्रेते आपुलकीने 'गिफ्ट, वीस डॉलर' लिहितात. गिफ्टची सवलत २०१९ च्या डिसेंबरात गेली, आणि वाटेत पार्सल हरवलं तर विमाही वीस डॉलरचाच मिळतो. ड्युटी, त्यावर आयजीएसटी, त्यावर कुरिअर कंपनीचं हाताळणी शुल्क, हे सगळं त्या आठवड्याच्या दराने आधी काढून घ्यावं आणि मगच चाकू रास्त पडतोय की नाही ते ठरवावं. पुष्कळदा सातशेचा चाकू इथे पोचेपर्यंत बराच महाग होतो. ऑन टाळला आणि तो सरकारला भरला, असं. अमेरिकेतला भाचा किंवा मेहुणी येणार असेल तर चेक-इन बॅगेत बिलासकट येऊ द्यावा. केबिन बॅगेत चुकूनही नको.

दुरुस्तीला परत पाठवायची वेळ आली तर जाताना 'दुरुस्तीसाठी, परत येणार' अशी कागदपत्रं करून घ्यावी लागतात. ती नसतील तर स्वतःच्याच चाकूवर दुसऱ्यांदा ड्युटी बसते. म्हणून भारतातून घेणाऱ्याने सुटा पिव्होट, क्लिपचे दोन-चार स्क्रू आणि वॉशरची एक जोडी चाकूबरोबरच मागून घ्यावी; कारागीर बहुधा फुकट टाकतो.

कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी ओ१, ५२१०० अशी गंजणारी पोलादं आणि जुन्या दमास्कसचा मोह आवरावा, नाहीतर जून ते सप्टेंबर दर आठवड्याला तेलाचं बोट फिरवायची तयारी ठेवावी. चाकू कातड्याच्या म्यानात ठेवून देऊ नये. कातडं कमावताना वापरलेली आम्लं आणि पावसाळी ओल मिळून पात्यावर खड्डे पाडतात, पितळेवर हिरवं चढवतात. आणि संग्रहात जुना सेल्युलॉइड मुठीचा चाकू आला असेल तर त्याला वेगळ्या, हवेशीर जागी ठेवा. सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून निघणारी आम्लाची वाफ त्याच डब्यातल्या बाकीच्या सगळ्या पात्यांवर गंज चढवते, आणि पहिल्यांदा लक्षात येतं तेव्हा शेजारच्या दोन-तीन चाकूंचा पॉलिश गेलेला असतो.